कानावरचे केस

माझ्या जिभेला माझ्या कात्रीपेक्षा जास्त धार आहे, असं ताई म्हणते. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. वृद्धाश्रमात ती मुख्य नर्स होती, तिथे सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणायचे. मला केसवाली म्हणतात. बाजारात माझं छोटंसं पार्लर आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ते बंद ठेवते आणि आश्रमात जाऊन सगळ्या म्हाताऱ्यांचे केस कापते, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरची माणसं भेटायला येतात. महिनाभर आई-बाबा कसे का असेनात, त्या रविवारी भांग पाडलेला हवा!

हे काम मला ताईनेच मिळवून दिलं. ते ती मला विसरू देत नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीजवळ मी माझी खुर्ची मांडते. चादर, फणी, खिडकीत टेकवलेला आरसा, पाण्याची फुसफुस बाटली. मग पैलवान एकेकाला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन यायचा. पैलवान म्हणजे तिथला अटेंडंट. उंच, रुंद, सदा हसरा, तोंडात नुसती साखर. बाकीचे अटेंडंट यायचे आणि आठवड्याभरात कंबर धरून पळून जायचे, हा टिकला. चांगला वजनदार माणूस तो उशी उचलावी तसा उचलायचा. मालक त्याचं कौतुक करून थकत नसत, आणि भेटायला येणारी मंडळी स्वतःच्या आईला आणायची नाहीत तेवढा खाऊ त्याला आणायची. "आजी-आजोबा म्हणजे माझी लेकरं हो," असं तो म्हणायचा. मला त्या वाक्याचीच चीड होती. सत्तर-ऐंशी वर्षं जगलेला माणूस कुणाचं लेकरू नसतो.

दोन-तीन महिन्यांपासून त्याने मला एक सांगायला सुरुवात केली होती. "मॅडम, कानावर जरा राहू द्या हं केस. थंडी वाजते त्यांना."

मला वाटलं, बरोबर आहे, वाजत असेल. मी ठेवत गेले.

त्या शनिवारी पहिला नंबर कंडक्टरसाहेबांचा होता. अख्खी नोकरी बसमध्ये गेली म्हणून हे नाव. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द अडखळायला लागले, पण गप्पा मारायची हौस गेली नाही. खिशात त्यांचा जुना पंच असायचा, तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा. खात्याला परत द्यायचा विसरलो म्हणायचे. विसरले कसले, लाटला! तो ते खुर्चीच्या दांड्यावर वाजवायचे. एकदा टण् म्हणजे थांब, दोनदा टण् टण् म्हणजे चल. मी केस कापून चादर झटकली की डबल बेल मिळायची, मग पुढचा माणूस.

आणि दर वेळी तीच एक गोष्ट. बसमध्ये एक जण शाळेच्या पोरीला त्रास देत होता. बस भरलेली, दिसत सगळ्यांना होतं. "पण सगळ्यांना... खिडकीबाहेर... एकदम काहीतरी फार सुंदर... दिसायला लागलं," असं म्हणून ते हसायचे. मग त्यांनी एक बेल मारली, बस थांबवली आणि विचारलं, पाहिलं कुणी? कुणी बोलेना. तेव्हा म्हणाले, ठीक आहे, कुणी उतरायचं नाही, आता बस सरळ पोलीस चौकीत. अर्ध्या रस्त्यात चार जणांना सगळं आठवलं. ही गोष्ट मला पाठ होती, तरी मी दर वेळी "मग?" म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी गोष्ट काढलीच नाही. मी फणी कानामागे घातली, तर त्यांनी अंग चोरलं आणि डावा हात झटकन कानावर नेला.

"काय झालं? लागलं का?"

"नाही."

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि केस वर उचलले. कानामागे काळंनिळं झालं होतं, कडेने पिवळं. कानाच्या मुळाशी कातडी फाटून खपली धरली होती.

"हे काय हो?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडलो."

पडल्यावर माणसाचा गुडघा फुटतो, कोपर सोलतं. कानामागे लागायला उलटं टांगून घेऊन पडावं लागेल. पण मी तसं बोलले नाही, कारण दारात पैलवान हसत उभा होता आणि त्याच्या पुढ्यातल्या खुर्चीत आक्का होत्या. आक्का तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांना आता फारसं कुणी ओळखू येत नाही. मी त्यांचे केस विंचरायच्या निमित्ताने वर घेतले. तिथेही तेच. त्यांच्यानंतर आलेल्या आजोबांच्या दोन्ही कानांना. कुणाचं ताजं, कुणाचं जुनं, पण जागा तीच. नंतरच्या एका आजींचा कान स्वच्छ होता, आणि त्या आजी स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या हातांनी आंघोळ करत.

थंडी कसली डोंबलाची! झाकण हवं होतं त्याला, आणि ते माझ्याच हातून घालून घेत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, इथल्या इथे याच्या तोंडावर बाटली फेकून मारावी. पण मग संध्याकाळी मी घरी जाणार आणि हे सगळे त्याच्या हातात राहणार. मी राग गिळला. म्हटलं, "कात्रीची धार गेली बघा. आता ओढून ओढून कापलं तर दुखेल त्यांना. उरलेले उद्या सकाळी येऊन कापते."

"चालेल की मॅडम," पैलवानाच्या तोंडातली साखर म्हणाली.

तिथून मी स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकाच्या मावशी भांडी विसळत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, "मावशी, पैलवान कान पिळतो?"

कुणाचे, असं त्यांनी विचारलं नाही. नळ बंद केला आणि म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

"कानांनी."

मावशी पदराला हात पुसत राहिल्या. कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. "जेवायला वेळ लावला की पिळतो. गादी ओली केली की पिळतो. ओरडायला नको म्हणून तोंडावर हात ठेवतो. मी ताटं ठेवायला जाते, तेव्हा दिसतं."

"आणि तुम्ही काय करता?"

"खाली बघते. काय करू बाई? माझे गुडघे गेलेत, मला दुसरीकडे कोण ठेवणार? आणि मोठ्या सिस्टरना माहीत आहे की! त्या गप्प आहेत म्हटल्यावर मी कोण लागून गेले?"

मोठ्या सिस्टरना माहीत आहे. मी म्हटलं, "कोणत्या मोठ्या सिस्टर?" जणू तिथे दोन-चार होत्या.

ताई वरच्या मजल्यावर धुतलेल्या चादरी मोजून कपाटात लावत होती. लहानपणापासून तिचं असंच. घडीला घडी जुळली पाहिजे. मी आत गेले आणि बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "काय झालं?"

"पैलवान म्हाताऱ्यांना मारतो. तुला माहीत आहे?"

तिने हातातली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. "मारतो असं नाही. कधीतरी हात जड पडतो त्याचा. मी बोलले आहे त्याला."

"कधी?"

"बोलले आहे."

"ताई, माझ्याकडे बघ."

बघितलं नाही तिने. भराभर बोलायला लागली. "तुला काय जातंय गं? तू महिन्यातून एकदा येतेस. इतक्या जणांना सकाळी उठवायचं, धुवायचं, बसवायचं, हे कोण करणार? तू? मालक माणसं वाढवत नाहीत. हा गेला तर दुसरा मिळत नाही. तक्रार झाली तर आश्रमाला टाळं लागेल. मग हे सगळे कुठे जातील? घरी? घरी ठेवायचं असतं तर इथे कशाला आणलं असतं लोकांनी? मी विचार केला नसेल असं वाटतं तुला?"

खोटं काहीच नव्हतं त्यात, हे कबूल करते. तिने खूप विचार केला होता. विचार करून करून एका माणसाच्या कानाची किंमत ठरवली होती, आणि तो कान तिचा नव्हता.

"तू स्वतः पाहिलंस का कधी?" मी विचारलं.

ती चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

"ताई, आपली आई शेवटी अशीच पडून होती. तिला कुणी हात लावला असता तर तू त्याचा हात मोडला असतास."

"आईला मधे आणू नकोस!" ती कडाडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ. तू इथे केस कापायला येतेस ना? केस काप."

"बरं," मी म्हटलं. "केसच कापते."

जिन्यातच मी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. नाव, पत्ता, माझं नाव विचारलं. मी दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्याला मारताना पाहिलंत का?"

"नाही. खुणा पाहिल्या."

"तक्रार मी नोंदवून घेते. चौकशीला माणूस येईल, पण शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्यापैकी कुणी बोललं, तर आजच्या आज पाठवता येईल."

प्रत्यक्ष पाहणारी दोन माणसं त्याच छपराखाली होती. एक पदराला हात पुसत होती, दुसरी चादरींच्या घड्या घालत होती. सुट्टीनंतर! तोवर चौकशीचा वास लागला की पैलवान काय करेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

निघायच्या आधी मी कंडक्टरसाहेबांच्या पलंगाशी गेले. पैलवान आंघोळीच्या खोलीत होता, पाण्याचा आवाज येत होता. मी वाकून म्हटलं, "साहेब, पडला नाहीत तुम्ही, मला कळलंय. उद्या तुमचा मुलगा येईल. तो यायच्या आधी मी तुमचे कान मोकळे करू? सगळ्यांना दिसेल. पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर मी दुसरा रस्ता शोधेन, पण सोडणार नाही."

त्यांनी डावा हात खिशावर ठेवला. मग म्हणाले, "पंच... घेतो तो. आवाज केला की... घेतो."

"माझ्याकडे द्या. उद्या परत तुमच्या हातात देते."

त्यांनी डाव्या हाताने खिसा चाचपून पंच काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटं मिटवली माझी. मग म्हणाले, "सगळ्यांचे... काप. एकट्याचे नको. एकटा... पडला, असंच... म्हणतील."

रविवारी सकाळी मी नाश्त्याच्या वेळीच हजर झाले. पैलवान आंघोळीच्या रगाड्यात होता. एकामागून एक खोल्यांत माणसं धुवून, पुसून, कपडे चढवून बाहेर ढकलायची त्याला घाई होती, कारण मंडळी यायची वेळ होत आली होती. मी हॉलमध्ये प्रत्येकाला विचारलं, "कान मोकळे करू का?" बहुतेकांनी मान हलवली. एक आजी म्हणाल्या, "नको गं, मला भीती वाटते." त्यांचे ठेवले. आक्कांना विचारलं तर त्या माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "शहाणी आहेस." मी त्याचा अर्थ हो असा घेतला. चुकीचा घेतला असेल तर त्यांनी मला माफ करावं.

कंडक्टरसाहेबांच्या हातात पंच ठेवला आणि मशीन फिरवलं. पांढरे केस चादरीवर पडत गेले आणि कान उघडे पडत गेले. शेवटी खुर्च्या नेहमीसारख्या भिंतीला लावून ओळीने मांडल्या. एवढ्यात ताई जिना उतरून आली. ती शेवटच्या पायरीवर थांबली. तिने एक टोक ते दुसरं टोक बघितलं. ते कान असे उघडे, सगळे एका ओळीत, तिनेही कधी पाहिले नसावेत.

"हे काय केलंस?" ती पुटपुटली.

"केस कापले," मी म्हटलं.

मंडळी आली. पिशव्या, फळं, मोबाइल, अत्तराचे वास. सुरुवातीला नेहमीचं कौतुक. "अय्या, किती छान बारीक केलेत! आई, तू तर पोरगीच दिसतेस." मग कुणीतरी आईला जवळ घ्यायला वाकलं आणि तसंच वाकून राहिलं. शेजारच्या खुर्चीजवळ कुणीतरी कुजबुजलं. माना वळल्या. माणसं आपल्या माणसाचा कान बघून शेजारच्याचा कान बघायला लागली. कंडक्टरसाहेब म्हणाले होते ते खरं होतं. एकटा असता तर 'पडला' असंच ठरलं असतं.

पैलवान चहाचा ट्रे घेऊन आला. दारातच त्याच्या तोंडावरचं हसू क्षणभर गळून पडलं. पण गडी तयारीचा. त्याने ट्रे ठेवला आणि हात जोडले. "अहो, घाबरू नका. म्हातारी कातडी असते, नुसता हात लावला तरी निळी पडते. उशी घासते, रात्रभर एका कुशीवर झोपतात ना. मी रोज मलम लावतो. विचारा मोठ्या सिस्टरना."

आणि हॉलमध्ये अक्षरशः हुश्श झालं. मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्या हुश्शचा. त्या लोकांना कारण हवं होतं, कुठलंही चाललं असतं. कंडक्टरसाहेबांचा मुलगा पुढे होऊन बापाच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "बाबा, चष्म्याची काडी घासत असेल हो तुमच्या."

"त्यांना चष्मा नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्ची बोलली.

आता मागे फिरायचं नव्हतं. मी हॉलच्या मधोमध गेले. "हा माणूस यांचे कान पिळतो. गादी ओली झाली म्हणून, घास गिळायला वेळ लागला म्हणून. ओरडू नये म्हणून तोंड दाबतो. उशी दोन्ही कानांना, सगळ्यांना, नेमकी त्याच जागी घासत नाही. ज्यांना स्वतः उठता येतं त्यांना तर घासतच नाही! कानावर केस ठेवा असं मला यानेच सांगितलं होतं."

"मॅडम," पैलवान अगदी दुखावल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही पाहिलंत मला?"

"नाही."

"मग?"

त्या एका 'मग'वर हॉल पुन्हा सैल पडला. साहेबांचा मुलगा म्हणाला, "हे बघा, आपण केस कापायला येता. असे आरोप करू नयेत. आम्ही मालकांशी बोलू फोनवर." त्याने घड्याळ पाहिलं. कुणी पिशवी उचलली, कुणी आईच्या मांडीवर फळं ठेवून "येते हं" म्हणायला लागलं. पाच मिनिटांत हॉल रिकामा होणार होता. मग उरणार होते ते उघडे कान आणि पैलवान. आणि कान उघडे केले होते मी.

टण्.

एकच बेल. कंडक्टरसाहेबांनी पंच खुर्चीच्या दांड्यावर असा हाणला की कपबशा वाजल्या.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

"थांबा," ते म्हणाले. पैलवान त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होता. पण पंच खाली गेला नाही. "कुणी... उतरायचं नाही." मग मान वळवून त्यांनी त्या सगळ्यांकडे, भेटायला आलेल्यांकडे आणि कामावरच्यांकडे, एकेक करत पाहिलं. "पाहिलं... कुणी?"

काय सांगू! त्या हॉलमध्ये प्रत्येकाला खिडकीबाहेर एकदम काहीतरी फार सुंदर दिसायला लागलं. बाहेर होती फक्त सायकली लावायची पत्र्याची शेड.

टण्. "पाहिलं... कुणी?"

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी." मावशी हातात पळी घेऊन उभ्या होत्या, आणि पळीतून फरशीवर थेंब गळत होते. "मी पाहिलंय. रोज पाहते. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण आता घास जात नाही घशाखाली."

पैलवान हसला. "मावशींना ऐकू कमी येतं, दिसतंही कमी. मोठ्या सिस्टर, सांगा ना तुम्ही!"

सगळे ताईकडे वळले. ती अजून शेवटच्या पायरीवरच होती, कठडा धरून. तिने सांगितलं असतं की मलमच लावतो, तर सगळ्यांनी मानलं असतं. मावशी, मी, कंडक्टरसाहेब, सगळे वेडे ठरलो असतो, आणि सोमवारी सकाळी घड्याळाप्रमाणे आंघोळी झाल्या असत्या. मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, ताई, बोल गं. नाहीतर आपलं नातं इथे संपलं.

ताई खाली उतरली. कंडक्टरसाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे नाही, मंडळींकडेही नाही, त्यांच्याकडे बघून बोलली.

"मी पाहिलं. तुमच्याच खोलीत. दार अर्धं उघडं होतं. याने तुमचा कान धरला होता आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी दार लावून घेतलं."

"बाहेरून कुणी बघू नये म्हणून लावलं," ताई म्हणाली. "त्याच्यासाठी लावलं, साहेब. तुमच्यासाठी नाही."

कंडक्टरसाहेबांनी मान हलवली, एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत. का म्हणावं?

पैलवान "मी मालकांना बोलावतो" म्हणत दाराकडे निघाला, तर मुलगा एक खुर्ची ओढून दारात बसला. "बाबा म्हणाले ना, कुणी उतरायचं नाही," तो म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याला तेवढ्याने माफ केलेलं नाही, पण बसला, हे खरं. मी हेल्पलाइन लावली आणि फोन ताईच्या हातात दिला. तिने आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि म्हणाली, "मी प्रत्यक्ष पाहिलंय. तुमचा माणूस आज पाठवा. आणि हो, मी कळवलं नव्हतं, हेही लिहून घ्या."

तो रविवार दुपारपर्यंत चालला. अधिकारी आले, पोलीस आले, कुणीही लवकर निघालं नाही. ज्यांना घड्याळाची घाई होती त्यांनी त्या दिवशी आपापल्या आईला स्वतःच्या हाताने जेवू घातलं. एका बाईंना तर आईला किती बारीक घास लागतो हेच माहीत नव्हतं.

आश्रमाला टाळं लागलं नाही. मालकांना नोटीस आली आणि जी माणसं 'मिळतच नाहीत' ती तीन मिळाली. पैलवानावर खटला चालू आहे. मावशी आणि ताई दोघी साक्ष देणार आहेत. ताईचं मुख्य नर्सपद गेलं. पाहून गप्प का बसलात, याचा जबाब तिला द्यावा लागला, आणि तो तिने वकिलाच्या सल्ल्याविरुद्ध जसाच्या तसा दिला. आता ती तिथेच साधी नर्स आहे. स्वतः माणसं उचलते, कंबरेला पट्टा बांधून, जोडीला कुणीतरी घेऊन. माझ्याशी कित्येक दिवस बोलली नाही. मग एक दिवस पार्लरमध्ये येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुझ्यामुळे माझी पाठ गेली." मी म्हटलं, "दाखव, चोळून देते." आम्ही बहिणी अशाच बोलतो.

पुढचे काही महिने मी सगळ्यांचे कान मोकळेच ठेवले. मशीन फिरवायचे, प्रत्येक कान मागून बघायचे, मगच चादर झटकायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण मी सोडत नव्हते. मागच्या शनिवारी कंडक्टरसाहेब खुर्चीत बसले. दाराकडे त्यांनी पाहिलं नाही. ताई तिथेच शेजारच्या आजींना औषध देत होती, दार सताड उघडं होतं. मी मशीन सुरू केलं, तर त्यांनी पंच दांड्यावर वाजवला. एकदाच.

मी थांबले. "काय झालं? दुखतंय कुठे?"

"नाही." ते आरशात स्वतःकडे बघत होते. "कानावर... राहू दे आता केस," ते म्हणाले. "थंडी वाजते."

मी मशीन बंद केलं आणि कात्री घेतली.